वाळवंटातली वाडी

हरिश्चंद्र भाटकराच्या टेंपोत पुढे बसायचं म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागे. पाय ठेवायच्या जागी पाण्याचे दोन मोठे कॅन, काठोकाठ भरलेले. आता हा टेंपो जायचा कुठे, तर मिरकरवाड्याच्या बंदरातून मासळी घेऊन साखरप्याला, फार तर आंबा घाट चढून मलकापूरला. वाटेत पावलोपावली विहिरी, झरे, आणि आषाढात तर अख्खा रस्ताच ओढा होऊन वाहायचा. तरी कॅन जागचे हलायचे नाहीत. कुणी विचारलंच, "हरचंदा, भर पावसात पाणी कुठं न्हेतंस रे?" तर हा हसल्यासारखं करायचा आणि गिअर बदलायचा.

त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून लोक काही अडून बसले नाहीत. त्यांनीच ठरवून टाकलं, की आखाती वाळवंटात जाऊन आलेला माणूस, त्याला पाण्याची किंमत कळली. आणि तिथे त्यानं काय केलं ते तर आऱ्यापासून वाऱ्यापर्यंत, दोन्ही गावांतल्या पोराटोरांना पाठ होतं. हा आणि ह्याचा भावोजी सखाराम गाडी बंद पडून वाळूत अडकले, पाणी संपलं, तेव्हा ह्यानं आपल्या तोंडचं पाणी भावोजीला पाजलं आणि बहिणीचं कुंकू राखलं. नावाला जागला हो, असं म्हातारे मान हलवून म्हणत.

हे ऐकलं की हरिश्चंद्राला आपल्या बारशाला जमलेल्या समस्त बायकांचा राग येई. रघू ठेवायचं होतं, शिवा ठेवायचं होतं. पण नाही, ह्यांना सत्यवचनी राजाच आठवला. कारण जी गोष्ट सगळ्यांना पाठ होती, ती उलटी होती. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, एक हरिश्चंद्र आणि दुसरा सखाराम.

हरिश्चंद्र आऱ्याचा. बापाचा मासेमारीचा मचवा होता. आई लवकर गेली, मग बापही गेला, आणि मागे उरली ती थोरली बहीण कमळा आणि हा. कमळानं त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत ढकललं, शाळेतून पळून आला की कानाला धरून परत नेलं. तो तिला बाय म्हणायचा. पुढे डोंगरापलीकडे वाऱ्याच्या सखाराम नागवेकराशी तिचं लग्न झालं. डोंगराच्या माथ्यावर आलं की एका अंगाला सासर आणि दुसऱ्या अंगाला माहेरच्या माडांचे शेंडे दिसत. लाकडं आणायला गेली की ती तिथे उगाचच दोन घटका टेकायची. माहेर म्हणजे तरी काय, एक कौलारू घर आणि त्यात हा एक भाऊ. पण बायकांना तेवढंही पुरतं, आणि तेवढंही नसलं की काय होतं ते ज्या बाईला माहेर नाही तिला विचारावं.

सखाराम मोजकं बोलणारा, कामाला वाघ. तो आधी आखातात गेला. तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या तळावर चार वर्षं काढली आणि ब्याऐंशी साली शब्द टाकून मेव्हण्यालाही तिकडे ओढलं. हरिश्चंद्र तेव्हा दुसऱ्याचा मासळीचा टेंपो चालवायचा. आंबा घाटात रात्रीबेरात्री चाक घसरू न देणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव होतं, आणि त्या नावाची त्याला जरा जास्तच चढली होती.

तो निघाला तेव्हा कमळानं विचारलं, "नोकरी कुठं म्हणालास?"

"वाळवंटात, बाय."

"मग बरं," ती म्हणाली. "आंघोळीपांघोळीची तरी आबाळ नाय."

तिचं काय चुकलं? तिला ठाऊक असलेलं वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळू. पाणी तिथे हाताशी. उन्हाळ्यात नदी आटली तर वाळूत हातभर खणायचं, त्याला डवरा म्हणतात, आणि त्यात साचलेलं गोडं पाणी वाटीनं भरून आणायचं. हरिश्चंद्र तेव्हा तिला खूप हसला होता. ते हसू त्याला पुढे फार वेळा आठवलं.

तळावर त्याला चारचाकी ओढीची गाडी मिळाली. चारी चाकांना इंजिनाचा जोर, गिअरला जोडून आणखी एक छोटा दांडा. टायरमधली हवा कमी करायची, दांडा ओढायचा, आणि जिथे माणूस चालताना धापा टाकतो तिथून गाडी गुरगुरत वर चढायची. हरिश्चंद्र खूश होता. त्या गाडीतून सखाराम आणि तो नवी वाट शोधायला जायचे. रस्ता असा नव्हताच, नुसती वाळू. कुठली वाळू घट्ट, कुठली फसवी, हे बघत पुढे जायचं आणि मोठे ट्रक यावेत म्हणून वाटेच्या कडेला लोखंडी डांब रोवत जायचं. गाडी हरिश्चंद्राची, डांब सखारामचे.

त्या दिवशी सुपरवायझरनं हुकूम दिला की वादीपर्यंत वाट आखून परत या. वादी हा अरबांचा शब्द. पण तळावर रत्नागिरीकडची बरीच मंडळी, आणि त्यांच्या जिभेला वाडी सोडून दुसरं काही यायचं नाही. सगळे वाडीच म्हणायचे. सखारामही म्हणायचा. फरक एवढाच, की सखारामला त्या शब्दाचा तिकडचा अर्थ ठाऊक होता आणि हरिश्चंद्राला इकडचा. कोकणातल्या माणसानं वाडी ऐकलं की त्याच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळी येतात, मधोमध विहीर येते, विहिरीवर रहाट येतो. हरिश्चंद्राला महिनाभर वाटत होतं की ह्या रेताडापलीकडे कुठेतरी खजुराची तशी वाडी असणार. विचारायचं कशाला? वाडी म्हणजे काय असतं, हे काय आऱ्याच्या माणसाला कुणी शिकवायचं?

दुपारी एका उतारावर गाडी बसली. मागची दोन्ही चाकं आसापर्यंत वाळूत. सखाराम खाली उतरला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मी पुढची जमीन बघून डांब लावून येतंय. मी येईस्तोवर गाडीला हात लावू नको. मग दोघं मिळून वाळू उपसू." आणि डांबांची मोळी खांद्यावर टाकून तो टेकाडापलीकडे गेला.

आंबा घाटाच्या ड्रायव्हरला हे झोंबलं. हात लावू नको म्हणजे काय?

त्याला बापाचा मचवा आठवला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, ओहोटीला मचवा त्यावर रुतायचा. मग बाप आधी तळातले दगड बाहेर टाकायचा. तेवढ्यानं भागलं नाही तर गोड्या पाण्याचं पिंपही आडवं करायचा. समोर घर दिसतंय, आता पाणी कशाला जपायचं? भार उतरला की मचवा हलायचा आणि पोरं आरोळी ठोकायची. हरिश्चंद्रानं तेच केलं. उरलेले डांब उतरवले, जास्तीचं चाक उतरवलं, हत्यारांची पेटी उतरवली. राहिलं पाण्याचं पिंप. ते एकट्याला उचलेना. मग त्यानं बूच काढलं आणि पिंप गाडीतच आडवं केलं. पाणी भळाभळा वाहिलं, वाळूत काळा डाग पडला आणि बघता बघता तो डागही सुकला. सीटखाली एक छोटा कॅन होता, तेवढा त्यानं ठेवला. पुढे वाडी होतीच, पिंप तिथल्या विहिरीवर भरून घेऊ.

आणि गाडी निघाली! इंजिन ओरडलं, बॉनेटमधून वाफ आली, पण निघाली. टेकाडावर सखाराम दिसला तेव्हा ह्या शहाण्यानं त्याला हॉर्न वाजवून दाखवला.

सखारामनं खाली येऊन आधी गाडीकडे पाहिलं, मग आडव्या पिंपाकडे.

"पाणी कुठं हाय?"

"ओतलं. त्याशिवाय निघती काय गाडी? पुढं वाडी हाय ना, तिथं भरू की."

सखारामनं पिंप उभं करून हलवून पाहिलं. मग म्हणाला, "अरे, ती वाडी नव्हं. इथं सुक्या नदीला वाडी म्हणतात. मी आत्ता तिच्या काठावरूनच आलो. तिथं धोंड्याशिवाय काय नाय."

मागे फिरले, पण गाडी तापून गेली होती. कॅनमधलं पाणी आधी तिनंच प्यायलं. आणि थोड्या अंतरावर तिचा पाइपच फुटला, प्यायलेलं सगळं वाफ होऊन गेलं. मग गाडीच्या सावलीत बसायचं आणि वाट बघायची. हरिश्चंद्राला बसवेना. तो त्या सुक्या नदीत जाऊन ताटलीनं डवरा खणत सुटला. हातभर खणलं, कमरेइतकं खणलं. वर कोरडी वाळू, खाली कोरडी वाळू. परत आला तेव्हा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती.

सखाराम टेकाडावर बरोबर घेऊन गेला होता त्या बाटलीत तळाला थोडं पाणी शिल्लक होतं. सखारामनं ते दोन वाटण्या करून ठेवलं होतं. हरिश्चंद्रानं आपली वाटणी संपवली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर सखारामनं बाटली त्याच्यापुढे धरली.

"पी. माझ्या वाटचं पण पी."

आता इथे कुणीही काय म्हणेल? 'नको भावोजी, तुम्ही घ्या' एवढं तरी म्हणेल. मनात नसलं तरी रीत म्हणून म्हणेल. हरिश्चंद्र म्हणाला नाही. त्यानं बाटली ओढूनच घेतली आणि ती पार उलटी करून, बुडावर थापट्या मारून प्यायला. पिंप ओतलं ती चूक म्हणता येईल, चूक माणसाकडून होते. पण ह्या बाटलीला काय म्हणायचं, ते त्याला इतक्या वर्षांत सापडलं नव्हतं. शब्द सापडत होते, पण ते सगळे शिव्यांपैकी होते.

संध्याकाळी तळावरची गाडी आली, सखारामनं रोवलेल्या डांबांच्या मागावरून. हरिश्चंद्र चालत जाऊन गाडीत बसला. सखारामला उचलून घालावं लागलं.

सखाराम वाचला. पण त्याची मूत्रपिंडं कामातून गेली ती गेलीच. कंपनीनं दोघांनाही घरी पाठवलं, आधी सखारामला, मागाहून हरिश्चंद्राला. येताना सगळ्या प्रवासात हरिश्चंद्र एकच वाक्य घोकत होता, 'बाय, माझ्यामुळं झालं.' एस.टी.तून उतरला तर सगळी वाडी फाट्यावर उभी. कमळा पुढे आली आणि त्याला काही कळायच्या आत वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. थोरल्या बहिणीनं! जिनं कान धरून शाळेत नेलं, तिनं!

"तुझ्या तोंडचं पाणी यांना दिलंस रे बाबा," ती रडत म्हणाली. "यांनी सगळं सांगितलं."

त्यानं मान वर केली. तिच्या मागे सखाराम काठी टेकून उभा होता. त्यानं हळूच मान हलवली. गप्प राहा. आणि हरिश्चंद्र गप्प राहिला. त्याला वाटलं, भावोजींना आपली दया आली. लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी सुटल्यासारखंही वाटलं, आणि पुढे सुटल्यासारखं वाटल्याचीच जास्त लाज वाटत राहिली.

मग सुरू झाला तो मान. भाऊबीजेला कमळा आधी त्याच्यापुढे पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायची आणि मग ओवाळायची. लग्नकार्यात त्याला पुढच्या पाटावर बसवत. डॉक्टरांनी सखारामला पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. जास्त झालं की पाय सुजत, छाती भरून येई. दिवसाचं पाणी कमळा सकाळी एका लोट्यात काढून ठेवी आणि तो त्यातून घोट घोट पुरवून घेई. त्याच ओटीवर, त्याच्या डोळ्यांदेखत, मेव्हण्याला तांब्या भरून. हरिश्चंद्र तो तांब्या थेंबही न ठेवता संपवायचा. टाकून देण्याची त्याला भीती वाटायची. कमळा शेजारणींना भांडं दाखवायची, "बघा, कसं लख्ख करतो. पाण्याची किंमत हाय त्याला."

असा शहाऐंशीचा शिमगा आला. वाऱ्याच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघते, अंगणात टेकते, आणि गुरव त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. त्या वर्षी कमळानं गुरवाला आधीच सांगून ठेवलं होतं, की माझ्या भावानं केलं ते एकदा देवाच्या कानावर घाला. हरिश्चंद्राला हे कळलं. माणसांत खोटेपणानं मिरवणं वेगळं. देवापुढे गुरव ते बोलणार, सगळा गाव होय म्हणणार, आणि आपणही म्हणायचं? त्यानं ठरवलं, बस्स. पालखी टेकली की गुरवानं तोंड उघडायच्या आधी आपण उघडायचं.

ढोल जवळ येत होते. अंगण सारवून रांगोळी घातलेली, कमळा नवं लुगडं नेसून नारळ हातात घेऊन उभी. हरिश्चंद्र घरामागे गेला. सखाराम माडाच्या बुंध्याशी बसला होता, सुजलेले पाय लांब करून.

"भावोजी, आज मी खरं बोलणार. सगळ्यांच्या देखत."

"बोल," सखाराम म्हणाला. "मग काय होईल?"

"मी मोकळा होईन."

"तू होशील. आणि ती?"

हरिश्चंद्र ढोलांच्या दिशेनं बघू लागला.

"तुला काय वाटतंय, मी ते तुझ्यासाठी बोललो?" सखारामचा आवाज चढला नाही, पण असा आवाज हरिश्चंद्रानं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तिथं हॉस्पिटलात डोळे उघडले ना, तेव्हा तू समोर असतास तर नरडं धरलं असतं तुझं. डांबावानी रोवला असता तुला तिथंच. मग विचार केला. माझं आता काय खरं नाय, आज हाय, उद्या नाय. मी गेल्यावर ती जाईल कुठं? पोर ना बाळ. तुझ्याच दारात येईल ना? ज्यानं नवरा मारला त्याच्या दारात पाय ठेवील ती? उपाशी मरंल, पण ठेवायची नाय. तिला मी ओळखतंय." त्याला दम लागला होता. "म्हणून तुला देव केला. तिच्यासाठी. कळलं? तेवढं आता नीट सांभाळ."

इतकी वर्षं हरिश्चंद्र समजत होता की भावोजींनी आपल्यावर पांघरूण घातलं. ते पांघरूण आपल्यासाठी नव्हतंच. सखारामनं स्वतःच्या मरणानंतरची बायकोची सोय लावली होती, आणि त्या सोयीत मेव्हणा म्हणजे घराचा एक वासा, एवढीच त्याची किंमत. आणि मोकळं व्हायची वाटही गेली. तोंड उघडायचं म्हणजे दुसऱ्यांदा पिंप ओतायचं.

"चल, हात दे," सखाराम म्हणाला. "पालखी आली."

पालखी अंगणात टेकली. कमळानं ओटी भरली, नारळ ठेवला. गुरवानं हात जोडले.

"हे देवा महाराजा, आज ह्या सखारामाच्या अंगणात तू पायधूळ झाडलीस, तुझ्या लेकरांचा नारळ गोड मानून घे!"

"होय महाराजा!"

"ह्या घरच्या सुनेचा भाऊ हरिश्चंद्र, परमुलखात वाळवंटात अडकला असताना त्यानं आपल्या तोंडचं पाणी भावोजीच्या तोंडी घातलं. तशीच बुद्धी तुझ्या सगळ्या लेकरांना दे!"

"होय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सखारामचा होता. काठीवर भार देऊन, मान ताठ करून तो म्हणाला. हरिश्चंद्राचे ओठ हलले नाहीत. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. समोरून कमळा बघत होती, डोळे भरलेले, चेहरा असा की त्या दिवशी तिच्याएवढं माहेर कुणाला नव्हतं.

"होय महाराजा," हरिश्चंद्र म्हणाला. एकटाच, सगळ्यांच्या मागून. लोकांना वाटलं त्याला भरून आलंय, आणि दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

पालखी उठली, ढोल पुढच्या घराकडे गेले. फाल्गुनाचं ऊन मी म्हणत होतं. कमळानं घरातून घासलेला तांब्या आणला, गार पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि भावाच्या हातात दिला. शेजारी सखाराम ओटीच्या कडेला टेकला होता. नाचणाऱ्यांच्या धुळीनं त्याचे ओठ कोरडे पडले होते. त्याच्या लोट्यात सकाळचं दोन घोट उरलं होतं आणि अजून सगळी दुपार जायची होती.

हरिश्चंद्र तांब्या धरून तसाच उभा.

"काय बघतंस?" सखाराम हसून मोठ्यानं म्हणाला, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पी. माझ्या वाटचं पण पी."

सगळे हसले. कमळाही हसली. हरिश्चंद्रानं तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला. मग रिकामा तांब्या त्यानं बहिणीच्या हातात दिला, आणि तिनं तो नेहमीसारखा उलटा करून सगळ्यांना दाखवला.